आबा उठले कसे

तळ्यातली लव्हाळी कापणीला आली की घरात कुणी आजारी पडायचं नाही, हा आबांचा दंडक होता. ताप यायचाच असेल तर त्याने कापणी उरकल्यावर यावं, अशी त्यांची ताकीद असायची आणि ताप बिचारा बहुतेक वेळा ऐकायचाही. तो दंडक शेवटी खुद्द आबांनीच मोडला. थंडीच्या अखेरीस चटईच्या मागावर बसल्याबसल्या त्यांचा उजवा हात मांडीवरून खाली घसरला, तो पुन्हा वर आलाच नाही. मग उजवा पायही ऐकेनासा झाला. विम्याच्या इस्पितळाने त्यांना जगवलं, बोलतं केलं आणि घरी पाठवून दिलं. इस्पितळाचं काम तिथे संपलं आणि धाकटीचं सुरू झालं.

धाकटी म्हणजे त्यांची धाकटी सून. थोरली आपल्या नवऱ्याबरोबर शहरात जाऊन जमाना झाला, तिची चूलही तिकडे आणि भांडणंही तिकडे, पण हिचं धाकटी हे नाव काही सुटलं नाही. सगळी वस्ती तिला धाकटीच म्हणायची. चणीनेही ती लहानखुरीच होती, आणि आबा हाडापेराने चांगले थोराड. त्यांना उचलायची तिची एक पद्धत ठरून गेली होती. पाय फाकवून उभं राहायचं, आपला खांदा त्यांच्या उजव्या काखेत घालायचा, डावा हात पाठीमागून नेऊन त्यांच्या कमरेला बांधलेला पट्टा धरायचा, आणि "हं, आबा" म्हणून एका दमात उठायचं. त्या "हं"च्या वेळी तिच्या कमरेतून एक कळ निघायची ती थेट टाचेपर्यंत जायची. ती दात आवळायची. आबा दुसरीकडे बघायचे. दोघांनी या गोष्टीबद्दल कधी एक शब्द काढला नव्हता.

आता कापणी तोंडावर होती. वरच्या अंगाला धरणाचे दरवाजे उघडले की तळं भरायचं आणि लव्हाळी बुडून कुजायची. त्याच्या आत जेवढी हाती लागतील तेवढ्यावर वर्षभराच्या चटया. आणि हे काम एकट्याचं नव्हे. एकाने कमरेएवढ्या पाण्यात वाकून विळा बुडाशी चालवायचा, दुसऱ्याने त्याच्या मागे राहून कापलेला जुडगा झेलायचा आणि होडीत टाकायचा. झेलायला कुणी नसेल तर कापलेली लव्हाळी आपली वाऱ्याबरोबर तळ्याच्या दुसऱ्या काठाला निघून जातात आणि कापणारा नुसता बघत राहतो. धाकटीचा नवरा गेले काही दिवस असाच बघत राहत होता. ती घटकाभर येऊन झेलायची, की घराकडे पळायची. आबांना कूस बदलून द्यायची, पाणी पाजायचं, मोरीत न्यायचं, परत आणायचं, आणि ओल्या कपड्यांनीच पुन्हा तळं गाठायचं.

"माणूस ठेवू का कुणी?" नवऱ्याने एकदा विचारलं.

"ठेवा की. आणि त्याला द्यायला काय, लव्हाळी?"

तो हसला. मग दोघंही हसायचे थांबले, कारण उत्तर खरं होतं.

अशात शेजारची काकू बातमी घेऊन आली. काकूला बातमी पोटात ठेवता यायची नाही. वाटेत कुणी भेटलं नाही तर ती कोंबड्यांना सांगायची. ती ओसरीवर टेकली आणि म्हणाली, "ऐकलंस का? तो विमा आपल्याकडून दर महिन्याला कापून नेतात ना, त्यात आता घरी माणूस मिळणार आहे. ज्याला आपलं आपण उठता येत नाही, त्याच्याकडे रोज सकाळी मदतीला बाई येणार. अंघोळ घालणार, उठवणार, बसवणार. शिवाय हातपाय हलवायला शिकवणारा एकजण अधूनमधून येणार."

"फुकट?"

"फुकट कसं? आपणच तर भरतोय इतकी वर्षं. पण आधी पाहणी होते. गळ्यात कार्ड अडकवलेली बाई येते आणि बघून जाते. ती म्हणाली तर मिळतं." मग काकूने आवाज खाली आणला. काकूचा खालचा आवाज इतरांच्या वरच्या आवाजाएवढा असतो. "पण जपून हो. मागे पलीकडच्या वस्तीत अशाच कार्डवाल्या आल्या होत्या. म्हातारी अंथरुणात पडलेली, पाठीला जखमा झालेल्या. तर त्यांनी सुनेलाच धारेवर धरलं. चारचौघांत उभं करून विचारलं, का गं, अशी ठेवतेस का माणसाला? तिने महिनाभर तोंड दाखवलं नाही कुणाला."

आत आबा खोकले. त्यांना खोकला नव्हता, पण धाकटीच्या ते तेव्हा ध्यानात आलं नाही.

पाहणीचा दिवस कळला तशी धाकटी पहाटेपासून कामाला लागली. ओसरी धुतली. मोरी घासली. आबांना न्हाऊ घातलं, दाढी केली, बासनातला ठेवणीतला सदरा काढला, लुळा हात आधी बाहीत घालून मग चांगला घातला. अंथरूण गुंडाळून कपाटामागे लपवलं. उजव्या टाचेजवळ एक लाल चट्टा पडला होता, त्यावर मोजा चढवला. हे सगळं करताना तिच्या एकदाही मनात आलं नाही की आपण नेमकं जे दाखवायचं तेच झाकत चाललोय. बाहेरून कुणी घर बघायला येणार म्हटल्यावर घर जसं ठेवतात, तसं तिने ठेवलं. तिच्या आईने तेच केलं असतं, आणि काकूनेही.

कार्डवाली आली ती फटफटीवरून, धुळीने माखून. वयाने धाकटीएवढीच असेल. बूट बाहेर काढून ठेवले, चहाला नको म्हणाली नाही, हे धाकटीला आवडलं. आबा मागाशेजारच्या खुर्चीत बसले होते. माग ओसरीच्या कोपऱ्यात होता, त्यावर आबांची अर्धी राहिलेली चटई तशीच ताणलेली. तिला कुणी हात लावत नसे.

"आबा, कसं काय?" कार्डवालीने विचारलं.

"झकास," आबा म्हणाले. "या बाई, बसा."

"सकाळी उठायला कुणाची मदत लागते का?"

"मदत? छे!"

धाकटीने चमकून वर पाहिलं. आबांनी डाव्या हाताने मागाचा खांब धरला. हाताच्या शिरा दोरीसारख्या फुगल्या, मान लाल झाली, आणि ते खुर्चीतून वर यायला लागले. आधी वीतभर. मग थोडे थांबले. मग घशातून एक बारीक आवाज काढत ते पुरते उभे राहिले. डावा पाय थरथरत होता. उजवा नुसता खाली सोडलेला होता. माग करकरला.

कार्डवालीचा हात आपोआप पुढे गेला आणि तिने तो मागे घेतला. "आम्हाला हात लावायला परवानगी नाही," ती पुटपुटली. "जे दिसेल ते लिहायचं फक्त."

आबा उभेच. जणू तिचं लिहून होईपर्यंत उभं राहायची त्यांची तयारी होती.

"अहो, पण रोज मी उचलते त्यांना!" धाकटी न राहवून बोलली. "दिवसातून कितीतरी वेळा."

"ही उगाच घोर लावून घेते जिवाला," आबा म्हणाले. त्यांचे शब्द दमाने तुटत होते. "माझं सगळं मी करतो. घरात मला काही कमी नाही. हेही लिहा."

कार्डवालीने आबांकडे पाहिलं, धाकटीकडे पाहिलं, पुन्हा आबांकडे पाहिलं. ती लबाड बाई नव्हती, फक्त नियमाला धरून चालणारी होती. "ताई, मला समजतंय," ती म्हणाली, "पण आधी लोक सांगायचे ते लिहून घेत होते. मग धडधाकट माणसं आमची फटफटी ऐकली की अंथरुणात शिरायला लागली. म्हणून आता बघितलेलंच चालतं. हे उठले. मी डोळ्यांनी बघितलं." आणि तिने लिहिलं: स्वतः उठतात. जाताना एवढं सांगून गेली, की घरच्यांची तक्रार असेल तर एकदा पुन्हा पाहणी मागता येते.

फटफटीचा आवाज लांब गेला आणि आबांचा खांबावरचा हात सुटला. ते खुर्चीत पडले नाहीत, खुर्चीच्या कडेवरून घसरून खाली आले. ठेवणीतला सदरा वर गेला, लेंगा ओला झाला. धाकटीने त्यांना जमिनीवरून उचललं तेव्हा तिच्या तोंडून पहिल्यांदाच मोठ्याने "आई गं" निघालं. आबांनी डोळे मिटून घेतले.

"का उठलात?" ती विचारत राहिली. पुसता पुसता, कपडे बदलता बदलता. "मी उचलते तेव्हा एक बोटभर जोर लावत नाही तुम्ही. मग तिच्यासमोर कसे उठलात?"

आबांनी भिंतीकडे तोंड केलं.

त्या संध्याकाळी तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. पण राग हा फार दमवणारा पाहुणा आहे, काबाडकष्ट करणाऱ्याच्या घरी तो जास्त राहत नाही. दोन दिवसांत तो गेला आणि त्याच्या जागी नुसता प्रश्न उरला. आबा उठले कसे? होडीत जुडगे झेलताना, भांडी घासताना, पाठीवर शेक घेताना तिला तो एकच खांब आणि तो फुगलेला हात दिसायचा. जो हात रोज भाताचा घास नीट तोंडाशी नेताना दमतो, त्यात एवढं बळ आलं कुठून?

नवऱ्याचं मत सोपं होतं. "म्हाताऱ्याचा ताठा, दुसरं काय? आयुष्यात कुणापुढे वाकला नाही तो."

काकूचं मत वेगळं होतं. "अगं, पाहुण्यासमोर बसून राहणं त्यांना आधीपासूनच जमत नाही. माझ्या लग्नात व्याही येईपर्यंत दारात उभे होते, भर उन्हात. पाहुणा दिसला की त्यांचे पाय आपोआप उभे राहतात."

हे धाकटीला पटलं, पण पटल्यावर तपासून बघावंसंही वाटलं. तिने काकूच्या दिराला, जो आबांना वर्षानुवर्षं भेटला नव्हता, सांगून बोलावून घेतलं. तो चांगला इस्त्रीचे कपडे घालून आला. काकू दारातूनच ओरडली, "आबा, पाहुणे आले हो!" धाकटी चुलीआडून श्वास रोखून बघत होती.

आबांनी अंथरुणातूनच मान वळवली. "या, या," म्हणाले. "बसा. आमचं हे असं झालंय. आता पडूनच." आणि दीर तासभर बसला, चहा प्याला, आबांनी त्याला इस्पितळातल्या गमती सांगितल्या. उठायचं नावही काढलं नाही. जाताना दीर म्हणाला, "आबा अगदी मोकळे बोलले हो." काकूचा चेहरा बघण्यासारखा झाला होता.

म्हणजे पाहुणा हे कारण नव्हतं. मग काय होतं? धाकटीचं कुतूहल आता हट्टाला पेटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने खुर्ची मुद्दाम मागाजवळ नेली, आबांचा डावा हात खांबावर ठेवला आणि गोड आवाजात म्हणाली, "आबा, त्या दिवशीसारखे उठून दाखवा बरं. मी आहे ना."

आबांनी खरोखर प्रयत्न केला. तिला तो दिसला. बोटं खांबावर आवळली गेली, मान ताठली, आणि पुढे काहीच झालं नाही. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. "नाही गं होत," ते म्हणाले. तिला स्वतःची लाज वाटली. तिने खांदा काखेत घातला.

त्यानंतर तिसऱ्या की चौथ्या दिवशी ती दुपारच्या वेळी तळ्यात होती. नवरा पुढे वाकून कापत होता, ती मागे झेलत होती. काठावर फटफटी थांबली. कार्डवाली उतरली आणि चिखलात बूट रुततील म्हणून जरा लांबच उभी राहिली.

"ताई, एक विचारायचं होतं," तिने तिथूनच हाक दिली.

धाकटी काठाशी आली. अंगभर चिखल, डोक्याला बांधलेलं फडकं ओलं, हाताला लव्हाळ्यांनी चिरलेल्या बारीक रेघा.

"मी आत्तापर्यंत या वस्तीत जेवढी घरं बघितली," कार्डवाली म्हणाली, "तेवढ्या सगळ्या घरांत म्हातारी माणसं उठून बसली. सगळी. एक आजी तर माझ्यासाठी झाडू मारून दाखवायला लागली. असं कसं होईल? वरून विचारतात, तुमच्याकडे गरजू नाहीतच का? मी काय सांगू? मी बघितलं तेच लिहिलं. पण रात्री आडवी झाले की मला तुमच्या आबांचा तो पाय दिसतो."

"मलाही," धाकटी म्हणाली.

एकाच कोड्याने छळलेली माणसं पटकन जवळ येतात.

"आणखी एक," कार्डवाली म्हणाली. "ते उठले ना, तेव्हा माझ्याकडे बघतच नव्हते. मी समोर होते, पण त्यांची नजर तुमच्यावर होती. सगळा वेळ."

धाकटीला हे ठाऊक नव्हतं. ती तेव्हा आबांच्या पायाकडे बघत होती.

"तुम्ही पुन्हा पाहणी मागा," कार्डवाली म्हणाली. "आणि मी घटकाभर नाही येणार. दिवसभर येते. नियमात किती वेळ बघायचं ते लिहिलेलं नाही. पण घर आवरू नका. सदराही नको."

"दिवसभर तुम्ही नुसत्या बसणार?" धाकटी म्हणाली. "आमच्याकडे या दिवसांत नुसतं बसलेलं माणूस बघवत नाही कुणाला."

"मग काहीतरी द्या हातात."

ती आली तेव्हा कार्ड गळ्यात होतंच. ते काढून येणं म्हणजे फसवणूक, असं तिचं म्हणणं, आणि धाकटीलाही ते बरोबर वाटलं. आबांनी कार्ड पाहिलं आणि ते खुर्चीत ताठ झाले. धाकटीने चहा पुढे केला.

"नको."

"पाणी?"

"तहान नाही."

ऊन वर चढलं तरी आबांनी ओठाला पाण्याचा थेंब लावला नाही. धाकटीला कळेना, मग एकदम कळलं: पाणी प्यायलं तर मोरीत जावं लागेल, मोरीत जायचं तर उचलावं लागेल. हा माणूस आज उठू शकत नव्हता म्हणून तहानलेला बसला होता.

अंगणात लव्हाळ्यांचा ढीग पडला होता. कार्डवालीला काम दिलं होतं ते सोपंच: बाहेरचं वाळकं आवरण सोलायचं, जाड एकीकडे, बारीक दुसरीकडे, बुडखे सगळे एका अंगाला. ती मन लावून करत होती आणि सगळं चुकवत होती. शेंड्याकडून सोलत होती, त्यामुळे काडी मध्येच उभी चिरत होती. बुडखे आणि शेंडे तिने खुशाल एकत्र मांडले होते. बोटाला दोनदा कापलं, तिने ते चोखलं आणि पुन्हा सुरू केलं.

आबा बघत होते. आधी डोळ्यांच्या कोपऱ्यातून, मग उघड उघड. त्यांच्या जिवाची घालमेल होत असलेली धाकटीला स्पष्ट दिसत होती. आणखी एक काडी चिरली तेव्हा मात्र त्यांचा बांध फुटला.

"अगं पोरी, काय चालवलंयस हे! बुडाकडून सोल, बुडाकडून! शेंड्याकडून कुणी सोलतं का? आण इकडे."

कार्डवाली निमूटपणे काडी घेऊन त्यांच्या पायाशी जाऊन बसली. आबांनी डाव्या हाताने बुडखा धरला, एक टोक दातात पकडलं, नखाने आवरण सोडवलं आणि ते अखंड सरकन खाली ओढलं. "हे असं. आता तू कर. हळू. तिला घाई चालत नाही." तिने केलं. चिरली. "पुन्हा." पुन्हा केलं. "हं. आत्ता कुठे." त्यांनी तिच्या बोटावरचं रक्त पाहिलं. "धाकटे, हिला चिंधी दे गं काहीतरी. आणि चहा टाक. मलाही दे थोडा."

धाकटीने लगबगीने चहा टाकला. आबा पेलाभर चहा प्याले, वर पाणी प्याले. मग बराच वेळ दोघांचं सोलणं आणि शिकवणं चाललं. मध्येच आबा सहज विचारल्यासारखं म्हणाले, "पोरी, एक विचारू? तू हिच्याबद्दल काय लिहिणार आहेस?"

"कुणाबद्दल, आबा?"

"हिच्या. सुनेच्या."

"त्यांच्याबद्दल? त्यांच्याबद्दल लिहायला माझ्या कागदात जागाच नाही. तुम्हाला उठता येतं का, एवढंच बघायचंय."

आबांचा हात थांबला. "म्हणजे तिची झडती नाही ही?"

"झडती कशाची? आबा, उठता येत नसेल तर मदतीला माणूस द्यायचं आहे. त्यांची पाठ वाचावी म्हणूनच तर आहे हे सगळं."

"मला हे कुणी सांगितलं नाही," आबा म्हणाले.

आणि ते खरंच होतं. काकूने बातमी धाकटीला सांगितली होती. धाकटीने नवऱ्याला सांगितली. कार्डवालीने येऊन थेट प्रश्न विचारले. ज्याच्यासाठी हा सगळा खटाटोप, त्याला समोर बसवून कुणी सांगितलंच नव्हतं. भिंतीपलीकडून ऐकलेल्यातलं त्याच्या मनात काय राहिलं होतं? चारचौघांत उभी केलेली एक सून.

"मला वाटलं," आबा सावकाश बोलायला लागले, "म्हातारा पडून आहे असं दिसलं, तर हिच्यावर बोल येईल. हिने हयगय केली असं लिहाल तुम्ही. म्हणून म्हटलं, मरू दे पाय, आज उभं राहायचंच." त्यांनी धाकटीकडे पाहिलं नाही. "ती काय करते ते मला ठाऊक आहे ना. कंबर गेलीय तिची. रोज ऐकतो मी. ती दात आवळते, तरी ऐकू येतं."

धाकटी चुलीपाशी उभी होती. तिला पुढे यावं की मागे जावं कळेना. इतके दिवस तिला वाटत होतं की ते दुसरीकडे बघतात ते त्यांना स्वतःची लाज वाटते म्हणून.

"सूनबाई," आबा म्हणाले. एवढ्या मोठ्याने त्यांनी आजारपणानंतर हाक मारली नव्हती. "ये. मोरीत जायचंय. उचल मला." आणि कार्डवालीला म्हणाले, "बघ आता. नीट बघ."

धाकटीने पाय फाकवले, खांदा काखेत घातला, पाठीमागून पट्टा धरला. "हं, आबा." कळ निघाली. ते अर्धवट वर आले आणि तिथेच अडकले. तिची कंबर पुढे जाईना. ती तशीच, ना वर ना खाली. आबांचा सगळा भार तिच्या मानेवर.

कार्डवाली उभी राहून बघत होती, सांगितलं होतं तसं.

"नुसतं काय बघतेस!" आबा ओरडले. "धर की त्या बाजूने!"

कार्डवालीचा हात पुढे आला, थांबला. मग तिने हातातली लव्हाळी खाली टाकली, गळ्यातलं कार्ड पाठीवर फिरवलं आणि डाव्या काखेत खांदा घातला. "हं," ती म्हणाली. पहिल्याच झटक्याला तिच्या तोंडून श्वास बाहेर पडला. तिला वजन कळलं. तिघं मोरीपर्यंत गेली, वाटेत दोनदा थांबली, दाराशी अडकली, आडवी होऊन आत शिरली. परत आणून बसवलं तेव्हा कार्डवालीने खांब धरून आपली कंबर चोळली आणि कागद काढला.

"काय लिहिलं?" धाकटीने विचारलं.

"उचलावं लागतं."

"आणि हात लावलात ते?"

"त्यालाही कागदात जागा नाही," ती म्हणाली. मग निघायच्या आधी तिने वस्तीतल्या त्या झाडू मारणाऱ्या आजींच्या घराची वाट विचारून घेतली. "आज आधी त्यांनाच सांगते, मी कशाला आलेय ते."

मदतनीस बाई पहिल्यांदा आली त्या सकाळी तळ्याच्या वरच्या अंगाला पाण्याचा रंग गढूळ व्हायला लागला होता. दरवाजे उघडायला फार वेळ उरला नव्हता. धाकटी दाराशी घुटमळली. आबा बाईला सांगत होते, "पाय फाकवून उभी राहा आधी. अशी नाही. आमची सूनबाई दाखवेल तुला संध्याकाळी. आत्ता तिला जाऊ दे, तिचा नवरा लव्हाळी वाऱ्यावर सोडतोय."

ती तळ्यात उतरली तेव्हा नवरा वाकून कापत होता. पाणी कालच्यापेक्षा वर आलं होतं. तिने कमरेला फडकं घट्ट बांधलं आणि त्याच्या मागे आपली जागा घेतली.

"काय गं," तो विळा चालवता चालवता म्हणाला, "त्या दिवशीचं कळलं का शेवटी? आबा उठले कसे?"

तिला सगळं सांगायचं होतं, खोकल्यापासून. पण पाणी चढत होतं.

"माझ्यासाठी," ती म्हणाली, आणि वाऱ्यावर निघालेला जुडगा तिने वाकून झेलला.